सांगाड्यांचा नाच

रात्रीची वेळ. सोसाट्याचा वारा सुटला आहे. झाडावर घुबड बसले आहे. थडग्यांवर दोन मांजरे भांडत आहेत. एवढ्यात मागून एक सांगाडा वर येतो! मांजरांची पळता भुई थोडी होते. मग आणखी तीन सांगाडे येतात आणि चौघे मिळून नाचू लागतात. एक जण दुसऱ्याच्या मांडीची हाडे काढून घेतो आणि त्याच्याच पाठीच्या कण्यावर ती वाजवतो.

घाबरू नका बरं का! हा सिनेमा आहे. तोही माणसांचा नव्हे, चित्रांचा. 'द स्केलेटन डान्स' हे त्याचे नाव. अमेरिकेत वॉल्ट डिस्ने यांच्या कंपनीने तो १९२९ साली काढला. अवघा साडेपाच मिनिटांचा.

कागदावरचे चित्र नाचते कसे? खरं म्हणजे ते हलतच नाही. एका चित्रात पाय जमिनीवर. दुसऱ्यात किंचित वर. तिसऱ्यात आणखी वर. प्रत्येक चित्राचा फोटो घ्यायचा आणि ते फोटो पडद्यावर भराभर दाखवायचे. बोलपटात एका सेकंदाला २४ फोटो पुढे सरकतात. मधला खंड डोळ्याला कळत नाही. पाय उचलला असंच वाटतं.

पण नाच म्हटला की ताल आला. पाय आणि ठोका एकदमच पडले पाहिजेत. तेव्हा कार्ल स्टॉलिंग नावाचे एक वादक डिस्ने यांच्याकडे होते. मूकपट चालू असताना ते थिएटरात बसून बाजा वाजवीत. त्यांनी सुचवले, की एखाद्या सिनेमात संगीत पुढे चालू द्या आणि चित्र त्याच्या मागून. मग हिशेब बसतो. सेकंदाला दोन ठोके असले, तर दर १२ फोटोंना एक ठोका. नेमका तिथेच पाय टेकवायचा. चार-पाच फोटोंची चूक झाली, की नाच बिघडला.

ही चित्रे काढली अब आयवर्क्स यांनी, बहुतेक सगळी एकट्याने. डिस्ने सांगत, मुख्य चित्रे तुम्ही काढा, मधली मदतनिसांना द्या. आयवर्क्स ऐकेनात. मला तर दोघांचंही खरं वाटतं. मालकाला पुढचे काम दिसते. कारागिराला आपले काम दुसऱ्याच्या हाती देववत नाही. दोघे १९१९ पासूनचे दोस्त, पण १९३० च्या आरंभी आयवर्क्स कंपनी सोडून गेले. पाठोपाठ स्टॉलिंगही गेले. आयवर्क्स परत आले ते १९४० साली.

अरे हो, नाचाचा शेवट सांगायचा राहिलाच! कोंबडा आरवतो. सांगाड्यांची एकच धांदल उडते. धडपडत ते थडग्यात शिरतात. गडबडीत दोन पावले मात्र बाहेरच राहतात. मग थडग्यातून एक हात बाहेर येतो आणि त्यांना आत ओढून घेतो.