घोषणा हरते तेव्हा नेमके काय हरते?

निवडणूक हरलेल्या पक्षाच्या चिंतन बैठकीतला निष्कर्ष बहुधा आधीच ठरलेला असतो: काम चांगलेच झाले होते, ते लोकांपर्यंत पोहोचवण्यात आपण कमी पडलो. हा निष्कर्ष सगळ्यांच्या सोयीचा असतो. त्यात मंत्री चुकलेला नसतो, उमेदवार चुकलेला नसतो, चुकलेली असते ती जाहिरात. मग नवी एजन्सी येते, नवी वॉररूम उभी राहते, घोषणेचे शब्द बदलतात. जिंकलेल्या पक्षाचा समजही याच जातीचा असतो, फक्त तिथे श्रेय घोषणेला मिळते. संदेशामुळे मत घडते, म्हणून संदेश सुधारला की मत बदलते, हा दोघांचा समान गैरसमज आहे. आपल्याकडे त्याला पुरावा म्हणून हमखास दिले जाणारे उदाहरण २००४ चे, 'इंडिया शायनिंग'चे. ते नीट तपासले, तर पुरावा बराचसा उलट्या दिशेचा निघतो.

डिसेंबर २००३ मध्ये भाजपने राजस्थान, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड जिंकले आणि लोकसभेची निवडणूक काही महिने अलीकडे ओढली. 'इंडिया शायनिंग', म्हणजे 'भारत उदय', ही मुळात पक्षाची नव्हे तर केंद्र सरकारची जाहिरात मोहीम. पक्षाने तिचाच सूर उचलला आणि 'फील गुड' हा शब्द घरोघरी गेला. मे महिन्यात निकाल लागला तेव्हा भाजप १८२ वरून १३८ जागांवर आला होता, काँग्रेस ११४ वरून १४५ वर गेली होती. चकचकीत जाहिरातीने गरिबाच्या जखमेवर मीठ चोळले आणि गरिबाने सरकार उलथवले, ही कथा तेव्हापासून पाठ झाली. पण मतांचे आकडे पाहा. भाजपची मते २३.८ टक्क्यांवरून २२.२ टक्क्यांवर आली, म्हणजे दीड टक्क्याच्या आसपास घट. काँग्रेसची मतेही घटलीच, २८.३ वरून २६.५ वर. कमी मते मिळवून काँग्रेसने जास्त जागा जिंकल्या, याचे मोठे कारण आघाड्यांच्या हिशोबात आहे. द्रमुकने भाजपची साथ सोडली आणि तमिळनाडूच्या ३९ च्या ३९ जागा त्याच्या आघाडीकडे गेल्या. आंध्रात तेलुगू देसम २९ वरून ५ वर कोसळला. तिथे लोक दिल्लीच्या जाहिरातीवर नव्हे, हैदराबादच्या नऊ वर्षांच्या कारभारावर मत देत होते.

महाराष्ट्राचा निकाल तर ही कथा उघडच खोटी पाडतो. कापूस उत्पादकांच्या संकटाने पोळलेल्या विदर्भात त्या वेळी लोकसभेच्या ११ जागा होत्या. जाहिरातीने दुखावलेला शेतकरी कुठे चिडायचा तर इथे. पण विदर्भात शिवसेना-भाजप युतीने १० जागा जिंकल्या. काँग्रेसच्या हाती फक्त नागपूर लागले. याउलट झळाळी खरोखर डोळ्यांना दिसत होती त्या मुंबईत युती ६ पैकी ५ जागांवर हरली. राम नाईक आणि मनोहर जोशी यांच्यासारखे मोठे नेते पडले. संपूर्ण राज्यात भाजपच्या जागा १९९९ मध्ये १३ होत्या, २००४ मध्येही १३ च राहिल्या. विदर्भातल्या मतदाराने जाहिरातीला भुलून मत दिले, असे कोणी म्हणणार नाही. त्याला राग होता तो राज्यातल्या काँग्रेस-राष्ट्रवादी सरकारचा, आणि तो राग व्यक्त करायला हाताशी युती होती. 'इंडिया शायनिंग'चा दोष हा, की लोक ज्या प्रश्नावर मत देत होते त्याच्याशी तिचा काही संबंधच नव्हता. ती जखम करणारी नव्हती; ती निरुपयोगी होती.

प्रचार मोजण्याचे शास्त्रही याच्या जवळपास येऊन थांबते. जोशुआ कल्ला आणि डेव्हिड ब्रूकमन या अमेरिकी अभ्यासकांनी सार्वत्रिक निवडणुकांतील ४९ क्षेत्रीय प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून २०१८ मध्ये प्रसिद्ध केले. पत्रके, फोन, जाहिराती, घरभेटी यांनी मतदाराची पसंती किती बदलते, याचे त्यांचे सरासरी उत्तर जवळजवळ शून्य होते. त्याआधी ॲलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी १९९८ मध्ये न्यू हेवन शहरात केलेला प्रयोग मतदानाच्या प्रमाणाविषयी होता. माणूस दारात जाऊन बोलला तिथे मतदान आठ-नऊ टक्क्यांनी वाढले. टपालाने आलेल्या पत्राचा परिणाम किरकोळ आणि व्यावसायिक कॉल सेंटरच्या फोनचा परिणाम नाहीच. २००४ मध्ये पंतप्रधान वाजपेयींच्या ध्वनिमुद्रित आवाजातले फोन घरोघरी खणखणले होते. आवाज ओळखीचा, वक्ता देशातला अव्वल, तंत्र नवे. पण पलीकडून उलट प्रश्न विचारायची सोय नव्हती. तेव्हा संदेश जास्त लोकांपर्यंत पोहोचला की जास्त परिणाम होतो, हा दुसरा गैरसमज. एका प्रभागात शंभर व्हॉट्सॲप ग्रुप असणे आणि त्या प्रभागात लोकांचे ऐकून घेणारा एक कार्यकर्ता असणे, या दोन गोष्टींची किंमत एका तराजूत होत नाही.

यावर पहिला आक्षेप रास्तच आहे: अमेरिकेत मतदार दोन पक्षांत घट्ट वाटलेला, आपल्याकडे पक्षच दर हंगामात बदलतात, तिथले शून्य इथे कशाला लावायचे? जसेच्या तसे लावू नयेच. इथे शेवटच्या आठवड्यात मत ठरवणारे पुष्कळ असतात आणि एखाद-दुसऱ्या टक्क्याने निकाल फिरतो. २०२४ च्या लोकसभेत महाराष्ट्रात महाविकास आघाडी आणि महायुती यांच्या मतांतला फरक एक टक्क्याहून कमी होता, जागा मात्र ३० विरुद्ध १७ झाल्या. म्हणजे प्रचाराने अर्धा टक्का हलला तरी तो कामाचा. शिवाय त्याच अमेरिकी अभ्यासात अपवादही आहेत: उमेदवाराची भूमिका लोकांना फारच नापसंत असेल आणि मन वळू शकेल असे मतदार कष्टाने शोधून त्यांच्यापर्यंत ती नेली, तर परिणाम दिसतो. दुसरा आक्षेप इतिहासाचा. 'गरिबी हटाओ'ने १९७१ मध्ये इंदिरा गांधींना ३५२ जागा दिल्याच ना? दिल्या, पण त्या दोन शब्दांच्या आधी काय घडले होते तेही मोजावे लागेल. १९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते, पक्ष फुटला होता, संस्थानिकांच्या तनख्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. इंदिरा गांधी कोणाच्या बाजूने आणि कोणाच्या विरोधात, हे ऐकणाऱ्याला दिसून चुकले होते. घोषणेने त्या दिसण्याला नाव दिले. तीच घोषणा बँका हाती घेण्याआधी, १९६७ मध्ये दिली असती तर ती जाहीरनाम्यातली आणखी एक ओळ ठरली असती.

नाव कोण देणार, हे मात्र पक्षाच्या हातात राहतेच असे नाही. २०२४ चे भाजपचे 'चारसौ पार', म्हणजे चारशेहून अधिक जागा, घ्या. देणाऱ्याच्या मनात ती आत्मविश्वासाची घोषणा होती. मार्चमध्ये कर्नाटकातील भाजप खासदार अनंतकुमार हेगडे यांनी राज्यघटना बदलण्यासाठी तेवढ्या जागा हव्यात असे जाहीरपणे सांगितले. पक्षाने हात झटकले, पण तोवर आकड्याला अर्थ चिकटला होता. महाराष्ट्रात, जिथे बाबासाहेबांची घटना हा अनेक घरांत अभ्यासाचा नव्हे तर जगण्याचा विषय आहे, तिथे तो अर्थ वस्त्यावस्त्यांत पोहोचायला कोणत्याही आयटी सेलची गरज लागली नाही. निकालानंतर महायुतीने या अर्थाला 'फेक नॅरेटिव्ह' म्हटले. इथे दोन परस्परविरोधी गैरसमज भेटतात. खंडन केले की अफवा उलट पसरते, म्हणून गप्प बसावे, हा एक. ही समजूत २०१० च्या एका अभ्यासानंतर फार गाजली. पण टॉमस वुड आणि ईथन पोर्टर यांनी दहा हजारांहून अधिक लोकांवर, ५२ विषयांवर तपासले, तेव्हा असा उलटा परिणाम हाती लागला नाही. योग्य माहिती दिली की माणसे माहिती दुरुस्त करून घेतात. दुसरा गैरसमज असा, की माहिती दुरुस्त झाली की मतही दुरुस्त होते. ट्रम्प यांच्या विधानांच्या दुरुस्तीवर झालेल्या प्रयोगात लोकांनी चूक मान्य केली, उमेदवाराबद्दलचे मत मात्र होते तिथेच ठेवले. 'घटना बदलणार नाही' हे वाक्य म्हणूनच खरे मानले जाऊनही अपुरे पडू शकते. ऐकणाऱ्याचा प्रश्न कलमांचा नसतो. चारशे जागा तुम्हाला हव्यात तरी कशाला, हा असतो, आणि त्याचे उत्तर खंडनात नव्हते.

आता कांद्याकडे वळू, कारण संदेश आणि निर्णय यांची सांधेजोड इतकी स्पष्ट दुसरीकडे क्वचित दिसते. केंद्राने ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यात बंद केली. पुढे मुदत वाढली. एप्रिलच्या अखेरीस गुजरातच्या दोन हजार टन पांढऱ्या कांद्याला तेवढी परवानगी मिळाली, आणि नाशिक जिल्ह्यात जो संदेश जायचा तो गेला. कोणी जाहिरात केली नव्हती तरी. ४ मे रोजी बंदी उठली, पण किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. २० मे रोजी दिंडोरीत मतदान झाले आणि केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पडल्या. बंदी उठल्याची बातमी प्रत्येक घरात पोहोचली होती. पोहोचण्यात कसर नव्हती. ज्यांचा माल आधीच पडत्या भावात गेला होता त्यांच्यासाठी ती उशिराची बातमी होती, इतकेच. सप्टेंबरमध्ये किमान मूल्याची अट निघाली, शुल्क निम्म्यावर आले. नोव्हेंबरमध्ये याच दिंडोरी लोकसभा क्षेत्रातल्या नांदगाव, कळवण, चांदवड, येवला, निफाड आणि दिंडोरी या सहाही विधानसभा जागा महायुतीने जिंकल्या. सगळे श्रेय कांद्याला देणे भाबडेपणाचे होईल. विधानसभेचे उमेदवार वेगळे असतात, त्यांची गावपातळीवरची पकड वेगळी, आणि मधल्या काळात महायुती सरकारची 'लाडकी बहीण' योजना आली होती. पण मतदार सहा महिन्यांत तेच होते, आणि मध्ये बदललेल्या गोष्टींत घोषणा सगळ्यात हलकी होती.

'लाडकी बहीण'मधून मते विकत घेतली गेली, हा आणखी एक सोपा समज. दरमहा १,५०० रुपये, दोन कोटींहून अधिक महिला, मतदानाआधी जमा झालेले पाच हप्ते. परिणाम झाला नाही असे कोण म्हणेल? महिलांचे मतदान २०१९ मध्ये सुमारे ५९ टक्के होते, ते ६५ टक्क्यांवर गेले. मात्र पुरुषांचे मतदानही वाढले, तेव्हा सगळी वाढ योजनेच्या खात्यावर टाकता येत नाही. आणि विकत घेणे हेच स्पष्टीकरण असेल, तर महाविकास आघाडीने ३,००० रुपयांचे आश्वासन दिले होते. दुप्पट बोली लावणारा हरला कसा? एका बाजूचे पैसे खात्यात येऊन पडले होते, दुसऱ्या बाजूचे जाहीरनाम्यात होते. त्यातही विरोधकांनी आधी तिजोरीवरच्या बोजाचा मुद्दा मांडला आणि मग बोजा दुप्पट करण्याचे वचन दिले. बँकेचा मेसेज हा त्या निवडणुकीतला सर्वांत परिणामकारक प्रचार-संदेश होता, आणि तो लिहायला कोणी कॉपीरायटर लागला नाही. सत्ताधाऱ्याला मिळणारा हा फायदा न्याय्य आहे का, हा वेगळा आणि गंभीर प्रश्न आहे. पण तो मतदाराच्या अकलेवर शंका घेऊन सुटत नाही.

सत्ता हाती नसलेल्या पक्षाने मग करायचे काय, खात्यात तर तो काही टाकू शकत नाही? त्याच्या हाती दोन गोष्टी उरतात: लोकांचा प्रश्न लोकांच्याच शब्दांत आधी मांडणे, आणि तो मांडणारा माणूस त्या गावचा असणे. संयुक्त महाराष्ट्र समितीकडे १९५७ मध्ये सत्ता नव्हती. अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे यांच्यासारखे शाहीर होते, आचार्य अत्र्यांचा दैनिक 'मराठा' होता, आणि मुख्य म्हणजे संयुक्त महाराष्ट्राची मागणी गिरणगावापासून खेड्यापर्यंत आधीच लोकांच्या तोंडी होती. आजच्या पक्षांच्या वॉररूममध्ये उलटा क्रम चालतो: ओळ मुंबईत किंवा दिल्लीत ठरते, सर्वेक्षणातून तिची चव घेतली जाते, आणि बूथवरच्या कार्यकर्त्याला ती फॉरवर्ड करायला मिळते. त्याच्याकडून वर काही येण्याची वाट ठेवलेली नसते. कांदापट्ट्यातल्या सत्ताधारी कार्यकर्त्यांना डिसेंबर २०२३ मध्येच ठाऊक असणार, की बांधावर काय बोलले जाते आहे. त्यांनी सांगण्याजोगे एकच वाक्य होते: शहरातला भाव आवरण्यासाठी तुमचा माल अडवतो आहोत, त्यात तुमचे जे नुकसान होईल ते अमुक दराने भरून देऊ. हे वाक्य कोणी लिहून दिले नाही, कारण त्याचा दुसरा अर्धा भाग ठरलेलाच नव्हता.