डोळ्यात शिरलेला ठिपका

अमावास्येच्या आसपास मी मुलांना तारे दाखवायला गावाबाहेरच्या माळावर नेतो. ‘त्या दोन ताऱ्यांच्या वर, जरा डावीकडे’ असं बोटानं दाखवलं, की पंचवीस मुलं पंचवीस दिशांना बघतात. हिरवा लेझर पॉइंटर वर धरला की सगळ्यांच्या माना एकदम व्याधाकडे वळतात. त्यामुळे पॉइंटर माझ्या खिशात असतोच.

गेल्या हिवाळ्यात सहावीतला एक मुलगा स्वतःचा पॉइंटर घेऊन आला. जत्रेत घेतलेला. काळी धातूची नळी, मागे किल्ली, पुढे चांदण्यांची नक्षी पाडणारी टोपी. टोपी त्यानं काढून ठेवली होती. “सर, माझा तुमच्यापेक्षा लांब जातो,” म्हणत तो बटण दाबूनच वळला, आणि ती हिरवी रेघ सतरंजीवर बसलेल्या मुलींच्या गळ्याशी सर्रकन फिरून गेली. चार बोटं वर असती तर ती डोळ्यांवरून गेली असती. त्या रात्री त्याच्या आई-वडिलांना घाईत जे सांगितलं, ते इथे सवडीनं सांगतो.

त्यांचा पहिला प्रश्न अगदी रास्त होता: “एवढ्याशा सेलवर चालणारी वस्तू, ती काय इजा करणार?” घरातला नऊ वॉटचा एलईडी बल्ब घ्या. त्यातून साधारण तीन वॉट, म्हणजे तीन हजार मिलिवॉट, उजेड बाहेर पडतो. पण तो खोलीभर पसरतो. एक मीटरवरून त्याच्याकडे पाहिलं तर डोळ्याच्या बाहुलीतून आत जातो तो मिलिवॉटचा जेमतेम शंभरावा हिस्सा. आत दृष्टिपटलावर, म्हणजे रेटिनावर, त्या बल्बची प्रतिमा उमटते ती मिलिमीटर-दोन मिलिमीटर रुंद.

आता एक मिलिवॉटचा पॉइंटर घ्या. त्याचा किरण पेन्सिलीच्या शिशाएवढा बारीक असतो आणि पसरत नाही, त्यामुळे जवळून डोळ्यावर पडला तर सगळाच्या सगळा बाहुलीतून आत जातो. बल्बच्या शंभर पट. शिवाय त्याच्या लहरी जवळजवळ समांतर येतात. समांतर किरण बहिर्गोल भिंग एका बिंदूत गोळा करतं, हे उन्हात कागद जाळून आपण सगळ्यांनी शाळेत पाहिलेलं आहे. डोळ्याचं पुढचं पारदर्शक पटल आणि भिंग तेच काम करतात, तेही फार सफाईनं. दृष्टिपटलावर पडणारा ठिपका मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या हिश्शाएवढा होतो, डोक्याच्या केसाच्या जाडीहूनही लहान. डोळ्याच्या पृष्ठभागावर जेवढी तीव्रता, तिच्या सुमारे एक लाख पट तीव्रता आत पोचते. म्हणजे जाळणारं भिंग आपलं आपल्याच डोळ्यात बसवलेलं आहे. पॉइंटर फक्त त्याला हवा तसा किरण पुरवतो.

दृष्टिपटलाच्या मागच्या थरात मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य असतं. ते उजेड शोषतं आणि तापतं. शेजारच्या पेशी भाजल्या जातात, आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, म्हणून भाजताना दुखतही नाही. आणि आपण ज्या वस्तूकडे रोखून बघतो तिची प्रतिमा नेमकी दृष्टिपटलाच्या मध्यावरच्या पीतबिंदूवर पडते. वाचायला, सुईत दोरा ओवायला, माणसाचा चेहरा ओळखायला लागते ती बारीक नजर तिथलीच. कडेचा ठिपका जळाला तर कदाचित आयुष्यभर कळणारही नाही. पण मुलगा कुतूहलानं पॉइंटरच्या तोंडातच बघतो, तेव्हा जळतो तो मधला.

पापणी मिटतेच की, असं पुष्कळ जण म्हणतात. लेझरचे धोक्यानुसार वर्ग पाडलेले आहेत, त्यातल्या वर्ग २ ची सगळी भिस्त त्यावरच आहे: एक मिलिवॉटपर्यंतची शक्ती, आणि पाव सेकंदात माणूस पापणी मिटेल किंवा मान वळवेल हा हिशेब. एवढ्या शक्तीच्या खऱ्याखुऱ्या पॉइंटरचा किरण ओझरता डोळ्यावरून गेला तर घाबरायचं कारण नाही. पण पाव सेकंदाची ही खात्री माणसाच्या डोळ्यांनी फारशी पाळलेली नाही. जर्मनीत स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगांत लेझर पडल्यावर आपसूक पापणी मिटणाऱ्यांचं प्रमाण एक पंचमांशाहूनही कमी निघालं. आणि जे मूल पैज लावून बघतं, ते तर डोळा मुद्दाम उघडा ठेवतं. शक्ती पाच मिलिवॉटच्या वर गेली की वर्ग ३बी सुरू होतो, तो पाचशेपर्यंत. त्यातल्या वरच्या टप्प्यात पापणी लवण्याआधीच इजा होऊन गेलेली असते.

आता तो हिरवा पॉइंटर उघडून बघू, कारण खरी मेख आत आहे. लाल पॉइंटर साधा असतो: एक लेझर डायोड, त्यापुढे भिंग, संपलं. आपल्याला सवय झालेल्या ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या पॉइंटरमध्ये मात्र हिरवा उजेड देणारा डायोड नसतोच. त्यातला डायोड ८०८ नॅनोमीटरचे अवरक्त किरण देतो. ते एका स्फटिकावर पडतात, त्यातून १०६४ नॅनोमीटरचे अवरक्त किरण निघतात. पुढच्या स्फटिकात या दुसऱ्या किरणांची तरंगलांबी निम्मी होते आणि ५३२चा हिरवा रंग जन्माला येतो. या सगळ्या उलाढालीत पहिल्या किरणांचा मोठा भाग तसाच उरतो. तो अडवायला तोंडाशी एक छोटी काच, म्हणजे गाळणी, बसवावी लागते. स्वस्त मालात पैसे वाचवायला नेमकी तीच गाळली जाते.

अवरक्त किरण म्हणजे काय, हे पाहायचं तर टीव्हीच्या रिमोटचं टोक मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. उघड्या डोळ्यांना काही दिसत नाही, पण बऱ्याच मोबाइलांत स्क्रीनवर जांभळट दिवा लुकलुकताना दिसतो. रिमोटचे किरण मंद आणि पसरट, म्हणून निरुपद्रवी. (पॉइंटर मात्र कॅमेऱ्यात धरू नका, कॅमेऱ्याचा सेन्सरही जळतो.) पॉइंटरमधले अवरक्त किरण दिसत नाहीत, पण बाहुलीतून आत जातात आणि दृष्टिपटलापर्यंत पोचतात. ते दिसतच नाहीत, म्हणून पापणीही मिटत नाही.

२०१० साली अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी या मोजमापांच्या संस्थेनं असाच एक स्वस्त हिरवा पॉइंटर तपासला. त्याचा हिरवा उजेड अगदीच मंद होता. कोणीही म्हणालं असतं, वाया गेलेला माल, द्या पोरांना खेळायला. मोजल्यावर त्यातून सुमारे वीस मिलिवॉट अवरक्त किरण बाहेर पडताना आढळले. स्फटिक नीट बसले नव्हते म्हणून हिरवा रंग कमी तयार होत होता, आणि उरलेलं सगळं न दिसता बाहेर येत होतं. म्हणून मंदावलेला हिरवा पॉइंटर मुलाच्या हातात देऊ नका. त्याचे सेल काढा आणि तो बाद करा.

त्याच संस्थेनं २०१३ मध्ये १२२ पॉइंटर तपासल्याचं जाहीर केलं. हिरव्यांपैकी जवळजवळ ९० टक्के आणि लालपैकी सुमारे ४४ टक्के तिथल्या सुरक्षा नियमांत बसत नव्हते. तिथे पॉइंटरला पाच मिलिवॉटची मर्यादा आहे. त्यामुळे नळीवर चिकटवलेल्या, शक्ती सांगणाऱ्या पिवळ्या पट्टीवर मी विश्वास ठेवत नाही. विक्रेत्याच्या बोलण्यावर मात्र ठेवतो. तो काळा फुगा फोडून दाखवतो, काडी पेटवून दाखवतो. पाच मिलिवॉटच्या किरणानं हे होत नाही. आपली वस्तू ३बी वर्गातली किंवा त्याहून वरची आहे, हे तो आपल्यासमोर सिद्ध करत असतो.

रंगाच्या झगमगाटावरूनही अंदाज बांधू नका. आपला डोळा हिरव्याला सर्वांत जास्त दाद देतो. तेवढ्याच शक्तीचा ६५० नॅनोमीटरचा लाल किरण त्याच्या आठव्या हिश्शाएवढाच प्रखर वाटतो, आणि ४०५ नॅनोमीटरचा जांभळा तर फिकट धुरासारखा. जाळण्याची ताकद मात्र शक्तीवर ठरते, दिसण्यावर नाही.

आणि अंतर? पाच मिलिवॉटचा किरण साधारण सोळा मीटरनंतर ओझरत्या नजरेला धोकादायक राहत नाही. पन्नास मिलिवॉटचा असेल तर हे अंतर पन्नास मीटर होतं, पाचशेचा असेल तर दीडशेच्याही पुढे जातं. एका गल्लीतून समोरच्या इमारतीची गच्ची गाठायला एवढं पुरतं. किलोमीटरभर वर गेलेला किरण मीटरभर रुंद झालेला असतो. तो डोळा जाळत नाही, पण उतरणाऱ्या विमानाच्या वैमानिकाला ऐन धावपट्टीसमोर आंधळं करू शकतो. दूरवर जरी विमानाचा दिवा दिसला तरी मी पॉइंटर बंद करतो.

दोन मुलांची हकिकत मला विसरता येत नाही. दोन्ही न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये नोंदलेल्या आहेत. २०१० साली स्वित्झर्लंडमधल्या पंधरा वर्षांच्या मुलानं इंटरनेटवरून मागवलेला दीडशे मिलिवॉटचा पॉइंटर आरशासमोर फिरवून घरच्या घरी ‘लेझर शो’ केला. आरशानं किरण परत त्याच्याच डोळ्यांत टाकला. म्हणून काच, स्टीलचं भांडं, गाडीचा आरसा यांच्या दिशेनं पॉइंटर धरायचा नाही. दुसरा मुलगा ग्रीसमधला, नऊ वर्षांचा. वडिलांनी रस्त्यावरच्या विक्रेत्याकडून घेतलेल्या हिरव्या पॉइंटरकडे तो वारंवार रोखून पाहायचा. त्याच्या डाव्या डोळ्याच्या पीतबिंदूला भोक पडलं. दीड वर्षानंतरही नजर सुधारली नव्हती. २०१८ मध्ये ही नोंद छापून आली.

आपल्याकडे २०२३ च्या गणेश विसर्जनानंतर नेत्रतज्ज्ञांकडे दृष्टिपटलात रक्तस्राव झालेले तरुण आले. मिरवणुकीतल्या लेझर झोतांसमोर ते नाचले होते. २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी असे झोत वापरायला मनाई केली. ती यंत्रं हातातल्या पॉइंटरपेक्षा कितीतरी मोठी, पण डोळ्यात घडतं ते हेच.

किरण थेट डोळ्यात गेलाच तर डोळा चोळू नका, घरातले थेंब घालू नका. क्षणभर हिरवट-काळा डाग दिसून विरला, तर तो बहुधा फक्त दिपलेपणा असतो. तरी दुसऱ्या दिवशी एक तपासणी करा. वहीतला आलेखाचा कागद घ्या, मध्यभागी पेननं ठिपका द्या. चष्मा असेल तर लावून, हातभर अंतरावरून, एक डोळा झाकून त्या ठिपक्याकडे बघा. मग दुसरा डोळा झाकून बघा. चौकटींच्या रेषा कुठे वाकड्या दिसत असतील, मधे करडा डाग असेल किंवा एखादी चौकट गायब असेल, तर रेटिनाच्या डॉक्टरांकडे जा. ओसीटी या तपासणीत दृष्टिपटलाचे थर एकेक करून दिसतात, इजा कुठे आणि किती खोल तेही कळतं. कागदावर सगळं ठीक असलं, तरी पॉइंटर फुगे फोडणाऱ्यांपैकी असेल तर डॉक्टरांना दाखवाच. जळलेल्या पेशी परत आणणारा खात्रीचा इलाज नाही. रक्तस्राव किंवा भोक असेल तर काही करता येतं, आणि तेव्हा दिवस वाया घालवून चालत नाही.

मुलं सहसा सांगत नाहीत. रागावतील, खेळणं काढून घेतील, या भीतीनं गप्प राहतात. म्हणून आधी विचारा, आणि विचारताना आवाज चढवू नका.

त्या सहावीतल्या मुलाच्या वडिलांनी त्याचा पॉइंटर माझ्याकडे दिला. मी त्यातला सेल काढून ठेवला. पुढच्या अमावास्येला तो आला तेव्हा माझा पॉइंटर मी त्याच्या हाती दिला नाही. आधी सगळ्यांना पाठीमागे बसवलं, त्याला पुढे उभं केलं आणि त्याच्या हातावर हात ठेवून किरण वर कृत्तिकांपर्यंत नेला. बटण सोडल्यावरच हात खाली आणायचा, हे त्याला तीनदा करायला लावलं. चौथ्यांदा त्यानं न सांगता केलं.