आल्बम सबंध ऐकावा

घरांतील मुलगा किंवा मुलगी कानांत ईअरफोन घालून बसली, म्हणजे वडील मंडळींच्या कपाळास आठी पडते. ‘हा कसला गोंगाट!’ हा अभिप्राय बहुधा एखादें गाणें पुरतें कानीं पडण्यापूर्वींच दिला जातो. परंतु ज्यांनीं मैफलींत बसून विलंबित ख्यालाची बढत ऐकली आहे, ते जाणतात कीं, मधलीच एक तान तोडून ऐकल्यानें राग कळत नाहीं. पाश्चात्त्य आल्बमासही हाच न्याय लागू आहे. दहा-पंधरा गाणीं एका सूत्रांत ओवून केलेली ती एकच कृति असते. ह्या दृष्टीनें ऐकण्याजोगे, तीन निरनिराळ्या प्रकारांतील, इंग्लंडमधील कलावंतांचे तीन आल्बम येथें सुचविले आहेत.

पहिला ‘सोल’ ह्या प्रकारांतील. अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्यें होणारें आर्त भक्तिगायन आणि त्यांचेंच लौकिक संगीत ह्यांच्या मिलाफांतून १९५० नंतर सोल जन्मास आलें. मायकेल किवानुका हा १९८७ सालीं लंडनमध्यें जन्मलेला ह्या परंपरेंतील गायक. त्याचे आईवडील ईदी अमीनच्या राजवटींत युगांडा सोडून आलेले. इंग्रजांच्या जिभेस अवघड जाणारें आपलें आडनांवच त्यानें नोव्हेंबर २०१९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या आल्बमास दिलें : ‘किवानुका’. ह्यांत एक गाणें संपून दुसरें केव्हां सुरू झालें, हें पुष्कळदां ध्यानांतही येत नाहीं. ‘हीरो’ ह्या गाण्यामागें १९६९ सालीं शिकागोंत पोलिसांच्या गोळीबारांत मारला गेलेला तरुण पुढारी फ्रेड हॅम्प्टन ह्याची स्मृति आहे. एकटें ऐकल्यास तें गिटारचें एक चांगलें गाणें वाटेल. क्रमानें ऐकल्यास, आपलें नांव न लपवितां जगणें कृष्णवर्णीय माणसास किती महाग पडूं शकतें, हें त्यांतून कळतें.

दुसरा आल्बम ‘हिप-हॉप’चा. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागांत डीजे कूल हर्क हा दोन तबकड्या आळीपाळीनें फिरवून तालवाद्यांचा तोच तुकडा लांबवीत असे. त्यानें ११ ऑगस्ट १९७३ रोजीं वाजविलेल्या मेजवानीपासून ह्या कलेचा आरंभ मानतात. त्या तालावर लयींत शब्द म्हणणें म्हणजे रॅप. डफावरचा पोवाडा ऐकलेल्या कानांस ही कल्पना अगदींच परकी वाटूं नये. लंडनमधील नायजेरियन कुटुंबांत जन्मलेली सिम्बी अजिकावो ही ‘लिटल सिम्झ’ ह्या नांवानें गाते. सप्टेंबर २०२१ मधील तिच्या आल्बमाचें नांव ‘समटाइम्स आय माइट बी इंट्रोव्हर्ट’, म्हणजे ‘कधीं कधीं मी अंतर्मुख असेन’. ह्या पांच इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें जुळविलीं कीं ‘सिम्बी’ हें तिचें घरचें नांव होतें. आल्बम रणवाद्यांच्या घोषानें उघडतो. पण बोलणारी मुलगी बुजरी आहे, आणि वडिलांविषयीं तिच्या मनांत माया व राग एकत्र नांदत आहेत, हें पुढें हळूहळू उलगडतें. ह्या दोन्ही आल्बमांच्या निर्मितींत इन्फ्लो ह्या लंडनच्या संगीतकाराचा हात आहे. ब्रिटन व आयर्लंडमधील उत्कृष्ट आल्बमास दिलें जाणारें मर्क्युरी पारितोषिक पहिल्यास २०२० सालीं आणि दुसऱ्यास २०२२ सालीं मिळालें.

तिसरा ‘ऑल्टर्नेटिव्ह’, म्हणजे बाजारांतील ठरीव सांच्याबाहेरच्या रॉक संगीतांतील. ऑक्सफर्डजवळील ॲबिंग्डनच्या शाळेंत एकत्र आलेल्या पांच सोबत्यांचा ‘रेडिओहेड’ हा संच. त्यांचा ‘अ मून शेप्ड पूल’ हा आल्बम मे २०१६ मध्यें प्रसिद्ध झाला. येथें गाण्यांचा क्रम चक्क वर्णानुक्रमानें आहे. तरीही विरहाचा एकच सूर आरंभापासून अखेरपर्यंत टिकतो. त्यांतील शेवटचें ‘ट्रू लव्ह वेट्स’ हें गाणें संचानें प्रथम १९९५ सालीं जाहीर कार्यक्रमांत म्हटलें होतें. स्टुडिओंतील ध्वनिमुद्रणास एकवीस वर्षें लागलीं. तारुण्यांत गिटारवर म्हटलेली ती विनवणी येथें पियानोच्या तुटक स्वरांवर, थकलेल्या आवाजांत येते, आणि त्या थकव्यामुळेंच ती खरी वाटते.

प्रत्येक आल्बम सुमारें तासाभराचा आहे. फोनवर ऐकतांना गाण्यांचा क्रम विस्कटणारी सोय बंद ठेवावी, आणि शब्द जवळ घेऊन निदान दोनदां तरी ऐकावें. रॅपमध्यें कांहीं ठिकाणीं ग्राम्य शब्द येतात. तेवढ्यावरून सबंध कृतीस दूषण देऊं नये. आवडला नाहीं, तर तसें मोकळेपणानें सांगावें. मात्र तें शेवटचें गाणें संपल्यावर सांगावें. आपलें आवडतें गाणें वडिलांनीं पुरतें ऐकून घेतलें, असें ज्या मुलास दिसेल, तो उद्यां त्यांच्या आवडीच्या ख्यालापाशींही घटकाभर बसेल. मग त्या घरांत संगीतावरून वाद होतील, पण अबोला राहणार नाहीं.