खिशातला कॅमेरा की डीएसएलआर?

बेंगळुरूच्या लालबागेत दरवर्षी जानेवारी आणि ऑगस्टमध्ये पुष्पप्रदर्शन भरते. काचघरातल्या गर्दीत फोटो काढायला खिशात मावणारा, दीड-दोनशे ग्रॅमचा अल्ट्राकॉम्पॅक्ट सोयीचा. लेन्स बदलण्याची भानगड नाही आणि फूल अगदी जवळून टिपता येते.

त्याच बागेतल्या तळ्यावर उडता पाणकावळा टिपायचा असेल, तर मात्र डीएसएलआर हवा. त्याचा फोकस चटकन लागतो आणि बटण दाबताच फोटो निघतो. दुसरा फरक सेन्सरचा. साध्या कॉम्पॅक्टचा सेन्सर साधारण ६.२ × ४.६ मिलिमीटरचा, तर कॅनन १५००डीसारख्या प्राथमिक डीएसएलआरचा २२.३ × १४.९ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने दहापटींहून मोठा. तो जास्त प्रकाश गोळा करतो. म्हणून बेंगळुरूच्याच विधान सौधाची रोषणाई टिपताना चित्र कमी रवाळ येते.

खर्चाचा हिशेब मात्र नीट करावा. डीएसएलआरसोबत येणारी १८-५५ लेन्स पक्ष्यांसाठी तोकडी पडते. त्यासाठी २५० किंवा ३०० मिलिमीटरपर्यंतची लेन्स वेगळी घ्यावी लागते. शिवाय बॅग, वजन आणि शिकायला लागणारा वेळ. कंपन्यांचा भर आता मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर असल्याने डीएसएलआर जुन्या बाजारात बरेच मिळतात. घेताना शटर किती वेळा उघडले आहे, ते तपासावे.

घरगुती समारंभ आणि सहलींपुरतेच फोटो हवे असतील, तर आधी हातातला मोबाइल पुरतो का ते पाहा. ऑप्टिकल झूम कमी पडत असेल, तरच कॉम्पॅक्ट घ्या.