आठवा बिट आणि रशियन कीबोर्ड

परदेशातून रशियाला धाडलेल्या एका पाकिटाचं छायाचित्र संगणकवाल्यांमध्ये वर्षानुवर्षं फिरतं आहे. पाठवणाऱ्याला रशियन येत नव्हतं. पडद्यावर पत्ता जसा दिसला तसा त्याने पेनाने उतरवून काढला, आणि पडद्यावर दिसत होती डोक्यावर टिंबं-रेघा असलेली अगम्य रोमन अक्षरं. रशियन टपाल खात्यातल्या कुणीतरी त्या गिचमिडीतून खरा पत्ता शोधून तो वर लिहिला.

हे जमलं, कारण ती गिचमिड मनमानी नव्हती. संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. आठ बिटांत ० ते २५५ एवढेच आकडे मावतात. त्यातले पहिले १२८ रोमन अक्षरं, अंक आणि विरामचिन्हांसाठी जगभर ठरून गेले होते. उरलेले १२८ ज्याने त्याने आपापल्या लिपीला दिले. पाकिटावरच्या पत्त्याचे आकडे रशियन तक्त्याप्रमाणे लिहिलेले होते, वाचणाऱ्या संगणकाने मात्र पश्चिम युरोपचा तक्ता लावला. त्यामुळे प्रत्येक रशियन अक्षराच्या जागी ठरावीक एकच परकं अक्षर आलं. पिनकोडचे अंक शाबूत राहिले. ‘रोस्सिया’ या शब्दात लागोपाठ येणारे दोन ‘स’ दोन सारख्या खुणा होऊन उतरले. एवढा धागा हाती लागला की चिकाटीचा माणूस पुढचं उलगडू शकतो.

रशियाची पंचाईत अशी की त्यांचे स्वतःचेच तक्ते चार-पाच होते. डॉसचा एक, विंडोजचा दुसरा, मॅकचा तिसरा, आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचा चौथा आणि युनिक्सवाल्यांचा ‘कोई-८’. एकाचा मजकूर दुसऱ्यात उघडला की पडद्यावर जे अवतरे, त्याला रशियन लोकांनी ‘क्राकोझ्याब्री’ असं झकास नाव ठेवलं.

यातला कोई-८ मला सर्वांत हुशार वाटतो. त्याचं मूळ १९७४च्या सोव्हिएत मानकात आहे. इंटरनेटसाठीचं रूप आंद्रेई चेर्नोव्ह यांनी १९९३ साली नोंदवलं. त्यात अक्षरं रशियन वर्णक्रमाने लावलेली नाहीत. रशियन ‘क’ रोमन केच्या बरोबर १२८ घरं पुढे, ‘म’ एमच्या १२८ घरं पुढे, असा हिशेब आहे. जुन्या ईमेल यंत्रणा आठवा बिट बेलाशक कापून टाकत. तो कापला की आकड्यातून नेमके १२८ वजा होतात आणि रशियन मजकूर चक्क रोमन लिपीत उरतो! फक्त लहान अक्षरं मोठी आणि मोठी लहान होतात. ‘मोस्क्वा’तला पहिला एम लहान दिसतो, बाकीची अक्षरं कॅपिटल. या उलटापालटीमुळे आठवा बिट कापला गेलाय हे वाचणाऱ्याला लगेच कळे. वर्णक्रम गेला, पण निरोप पोचला. त्या काळात हा सौदा फायद्याचाच होता.

युनिकोड आल्यावर प्रत्येक लिपीला स्वतःचे आकडे मिळाले आणि हा गोंधळ ओसरला. जुन्या डीटीपी फॉन्टमधली मराठी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून ज्यांनी कपाळाला हात लावला आहे, त्यांना यातलं सुख वेगळं सांगायला नको.

आता शिकणाऱ्याबद्दल. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन गिरवणारे असोत की वैद्यकीय शिक्षणासाठी रशिया गाठणारी मराठी मुलं, लिपी महिन्याभरात वाचता येते. टायपिंगपाशी गाडी अडते. खरं तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये भाषांच्या यादीत रशियन जोडली आणि विंडोज-की व स्पेसबार एकत्र दाबून भाषा बदलली, की काम झालं. मॅकवर मात्र नुसतं ‘रशियन’ न निवडता ‘रशियन – पीसी’ निवडावं, नाहीतर विरामचिन्हं भलत्याच जागी सापडतात.

खरा प्रश्न मांडणीचा. रोमन अक्षरं २६, रशियन ३३. जास्तीची सात अक्षरं चौकटी कंस, अर्धविराम, अवतरणचिन्ह, स्वल्पविराम, पूर्णविराम आणि अगदी डावीकडच्या कोपऱ्यातलं बटण बळकावतात. त्यामुळे विंडोजच्या रशियन मांडणीत स्वल्पविरामासाठीसुद्धा शिफ्ट दाबावं लागतं. रशियन वाक्यात स्वल्पविरामांचा सुकाळ असतो, तेव्हा हा कारभार कुणी ठरवला असावा असा प्रश्न पडतो.

हे टाळायला ध्वन्यनुसारी कीबोर्ड मिळतात: के दाबा, ‘क’ उमटेल. नवख्याला ते सोपं वाटतं. माझं मत मात्र पहिल्या दिवसापासून मूळ रशियन मांडणीच शिकावी असं आहे. तिची पहिली सहा अक्षरं जोडून तिला ‘इत्सुकेन’ म्हणतात. रशियनमध्ये सर्वाधिक येणारी ओ, ये, आ, ई, न, त ही अक्षरं तिच्यात दोन तर्जनींच्या टप्प्यात आहेत. फुगवटे असलेल्या एफ आणि जेच्या बटणांवर तर ‘आ’ आणि ‘ओ’ आहेत. क्वचित लागणारं ‘कठोरचिन्ह’ हे अक्षर उजव्या कडेला हद्दपार केलेलं आहे. शिवाय रोमनमध्ये ज्यांना जोडीदारच नाही, त्या मृदुचिन्हासारख्या अक्षरांसाठी प्रत्येक ध्वन्यनुसारी कीबोर्ड आपापली सोय लावतो. संगणक बदलला की सवय मोडते. इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकलेल्या मराठी माणसाला हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल.

भाषा बदलायला विसरलात तर ‘प्रिव्येत’, म्हणजे आपलं ‘नमस्कार’, टाइप करताना पडद्यावर जी-एच-बी-डी-टी-एन उमटेल. रशियन माणसं हे सहज ओळखतात. अशी चूक आपोआप दुरुस्त करणारा ‘पुंतो स्विचर’ हा प्रोग्राम यांडेक्स कंपनी देते.

राहिलं कोपऱ्यातलं सातवं बटण. त्यावर ‘यो’ आहे: ‘ये’च्या डोक्यावर दोन टिंबं. हे अक्षर १७८३ साली प्रिन्सेस येकातेरिना दाश्कोवा यांनी सुचवलं. उल्यानोव्स्क शहरात त्याचं स्मारकही आहे. पण लिहिताना बहुतेक जण टिंबं गाळतात, आणि ‘गर्बाचोव’ आपल्या वर्तमानपत्रांत ‘गोर्बाचेव्ह’ होऊन येतात. युनिकोडमध्येही बाकीची ३२ अक्षरं, मोठी-लहान मिळून, १०४० ते ११०३ अशी ओळीने बसली आहेत. मोठा ‘यो’ १०२५वर आणि लहान ‘यो’ ११०५वर, दोघेही रांगेबाहेर. नुसत्या आकड्यांवर नावांची यादी लावली तर मोठ्या ‘यो’ची नावं सर्वांत वर जातात. रांगेबाहेर असल्यामुळेच मजकुरात अक्षरं शोधायची सूचना लिहिताना रशियन प्रोग्रामर ‘आ’ ते ‘या’ एवढ्यावर थांबत नाहीत. पुढे ‘यो’ वेगळा जोडतात.