हात का जोडतात?

प्रार्थनेला आपण रोज हात जोडतो. तळवे जुळवून छातीपाशी धरायचे, मान थोडी लववायची. ही नमस्कार मुद्रा. मुद्रा म्हणजे हातांची खूण. अंगठा व त्याच्या शेजारचे बोट टेकवले, बाकी तीन सरळ ठेवली की ज्ञानमुद्रा होते. योगात ध्यानाला बसताना ती करतात. उजवा तळवा समोर उभा धरला की अभयमुद्रा. म्हणजे भिऊ नको. मुसलमान बांधव दुआ मागताना तळवे वर उघडे धरतात.

माझ्या आजीचा उजवा हात लकव्याने गेला. ओझरला विघ्नहरापुढे तिने डावाच हात छातीला लावला. मी म्हणालो, "आज्जे, एका हातानं नमस्कार होतो का?" ती म्हणाली, "दुसरा तुझा लाव की रं." मग मी लावला.

— इयत्ता ४ थी