मेर्सेनची ३९ अंकी अविभाज्य संख्या
मेर्सेनची ३९ अंकी अविभाज्य संख्या : २ च्या १२७ व्या घातातून १ वजा केला असता मिळणारी संख्या. विस्ताराने ती १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७ अशी आहे. ती अविभाज्य असल्याचे एद्वार ल्यूका (१८४२–९१) या फ्रेंच गणितज्ञांनी १८७६ मध्ये जाहीर केले. १९५१ पर्यंत हिच्याहून मोठी अविभाज्य संख्या ज्ञात नव्हती. यंत्राविना, केवळ हाताने आकडेमोड करून शोधलेल्या अविभाज्य संख्यांत ती सर्वांत मोठी मानली जाते.

मारँ मेर्सेन (१५८८–१६४८) यांनी १६४४ मध्ये, २ च्या घातातून १ वजा करून येणारी संख्या २५७ पर्यंतच्या कोणत्या घातांकांना अविभाज्य असते, याची यादी दिली. घातांक विभाज्य असल्यास संख्याही विभाज्यच असते. पण घातांक अविभाज्य असणे पुरेसे नसते. उदा., ११ या घातांकाची संख्या २०४७ ही २३ × ८९ आहे. मेर्सेन यांच्या यादीत ६७ व २५७ चुकीने आले आणि ६१, ८९ व १०७ सुटले. १२७ मात्र बरोबर ठरला.

प्रस्तुत संख्येला १ व ती स्वतः यांखेरीज विभाजक असलाच, तर त्याचा प्रत्येक अविभाज्य अवयव २५४ च्या पटीपेक्षा १ ने अधिक असला पाहिजे आणि त्याला ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ उरली पाहिजे. एवढी चाळणी लावूनही तपासावयाचे अविभाज्य विभाजक हजार लक्ष कोटींहून अधिक उरतात. ल्यूका यांनी हा मार्गच टाळला. ३ पासून आरंभ करून प्रत्येक वेळी वर्ग करावयाचा, त्यातून २ वजा करावयाचे व परीक्ष्य संख्येने भागून बाकी ठेवावयाची. घातांकाला ४ ने भागून ३ बाकी उरत असेल, तर घातांकाहून २ ने कमी इतक्या पायऱ्यांनंतर बाकी शून्य आल्यास संख्या अविभाज्य, एरवी विभाज्य. ७ या घातांकाची संख्या १२७ घेतल्यास ३, ७, ४७, ४८, १६, ० हा क्रम मिळतो. मोठ्या संख्येसाठी अशा १२५ पायऱ्या लागतात. द्विमान पद्धतीत भागाकाराचे कष्ट वाचतात. कारण २ च्या १२७ व्या घाताची बाकी १ असल्याने १२७ स्थानांपलीकडील अंक उचलून खालच्या अंकांत मिळविले की झाले. १९३० मध्ये डी. एच्. लेमर यांनी ४ पासून आरंभ करून ही कसोटी सर्व विषम अविभाज्य घातांकांना लागू होईल अशी मांडली.

विभाज्यता सिद्ध करणाऱ्याला अवयव दाखविता येतात. ६७ या घातांकाची संख्या विभाज्य असल्याचे ल्यूका यांनीच अवयव न देता दाखविले होते. १९०३ मध्ये एफ्. एन्. कोल यांनी १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार मांडल्यावर तो कोणालाही पडताळता आला. अविभाज्यतेला असा साक्षीदार नसतो. एका अंकाची चूकही अखेरचे शून्य नाहीसे करू शकते. म्हणून ल्यूका यांच्या निष्कर्षाला १९१४ मध्ये ई. फोकाँबेर्ग यांनी स्वतंत्र गणनेने दिलेला दुजोरा महत्त्वाचा आहे.

या संख्येला २ च्या १२६ व्या घाताने गुणिले असता ७७ अंकी परिपूर्ण संख्या मिळते. १९५१ मध्ये जे. सी. पी. मिलर व डी. जे. व्हीलर यांनी एडसॅक संगणकावर हिच्या वर्गाची १८० पट अधिक १ ही ७९ अंकी संख्या अविभाज्य ठरविली. २ हा घातांक घेतल्यास ३, ३ घेतल्यास ७, ७ घेतल्यास १२७ आणि १२७ घेतल्यास प्रस्तुत संख्या येते. याच साखळीतील पुढची संख्या, म्हणजे प्रस्तुत संख्या घातांक घेऊन येणारी, अविभाज्य आहे की नाही हे अद्याप अनिर्णित आहे. तिच्यातील अंकांची संख्याच ३८ अंकी असल्याने ल्यूका यांची कसोटी तेथे चालविता येत नाही. केवळ लहान विभाजकांचा शोध घेता येतो.